मामीची मान

खरं सांगा, स्वतः तयार केलेलं मत तुम्ही शेवटचं कधी दिलं होतंत? सकाळी ग्रुपवर आलेलं पुढे ढकललं ते सोडा, चारजण माना डोलावताहेत म्हणून आपणही डोलावली तेही सोडा. जे ऐकल्यावर घरातल्या एका तरी माणसाने ताट बाजूला सारलं, असं मत मी विचारतेय. आठवत नसेल तर लाजू नका. ठाण्यापासून थेट शहाडपर्यंत माणसाला माणूस लागून राहतो, पण या सगळ्या पट्ट्यात माझ्या माहितीत एकाच व्यक्तीला संपूर्ण स्वतःची, कुणाची परवानगी न घेतलेली मतं आहेत, आणि ती म्हणजे ठाकुर्लीला राहणारी माझी थोरली मामी. टीव्ही, सिनेमा आणि कविता हे तिचे तीन प्रांत. चौथा प्रांत ब्लाउजचा, पण तो धंदा. त्यात ती मत देत नाही, माप घेते.

मामीने आयुष्यभर ब्लाउज शिवले. पायाचं मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर. नजर सुईवर, कान टीव्हीवर, अशी ती सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत बसायची. त्यामुळे मामीने मालिका पाहिल्या असं म्हणता येणार नाही. तिने त्या ऐकल्या. पाहायची ती तेव्हाच, जेव्हा कानावर पडलेलं वाक्य तिला मान वर करायला लावायचं. तिचं सगळं समीक्षाशास्त्र मानेच्या या एका हालचालीवर उभं होतं. 'ती नवीन सुरू झालीय ती कशी आहे हो?' असं गिऱ्हाइकाने विचारलं की दातात दोरा धरून मामी सांगायची, 'आठवड्यात एकदा मान वर केली. तीपण लाइट गेले म्हणून.' झालं, निकाल लागला. एखाद्या नटीने नुसतं 'बसा' म्हटलं आणि मामीने मशीन थांबवून वर पाहिलं, असंही मी अनुभवलंय. 'हिने आयुष्यात कुणालातरी खरंच बसायला सांगितलेलं आहे,' मामी म्हणाली होती, 'बाकीच्या नुसतं वाक्य म्हणतात.' मालिकेत कुणाचं पितळ उघडं पडलं की एकेका चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा आपटतो आणि मागे धाड धाड धाड वाजतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मामीला फक्त धाड धाड ऐकू यायचं. त्या घरातलं कुणीतरी सारखी भांडी पाडतंय, अशी तिची कित्येक वर्षं पक्की समजूत होती. वेब सिरीजचं तिला कौतुक नव्हतं. 'कुजबुजतात गं नुसते. मशीन बंद केल्याशिवाय काही कळत नाही. शिव्या तेवढ्या स्वच्छ ऐकू येतात, म्हणजे आवाज आहे यांना.'

तिची मतं हवेत राहत नसत, कापडावर उतरत. हल्ली गिऱ्हाईक मोबाइलवर मालिकेतला फोटो घेऊन येतं आणि म्हणतं, असा गळा हवा. मामीचा नियम असा की रडणाऱ्या नायिकेचा गळा ती शिवायची नाही. जवळच्या चोळेगावातल्या एक काकू होत्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. पूर्वी भातशेती, आता तिथे इमारती. अंगावर ठसठशीत सोनं, आवाज शेताच्या बांधावरून हाक मारायला घडवलेला. पुतणीच्या लग्नासाठी त्या फोटो घेऊन आल्या. तेव्हा मी तिथेच हुक लावत बसलेली होते.

'मना हिचाच गला पायजे,' काकू म्हणाल्या.

मामीने फोटोकडे नजर टाकली. 'ही वर्षभर दाराआड उभी राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकतेय आणि रडतेय. एकदा तरी दार ढकलून आत गेली का? हिचा गळा मी नाही शिवणार.'

'मंग कोनाचा शिवशील?'

'तिच्या जावेचा.'

'ती चोरटी हाय गो.'

'चोरटी असू दे. जे हवं ते तोंडाने मागते तरी. आणि पाठीचा गळा बघ कसला बेतलाय.'

हा वाद तीन आठवडे चालला. काकू रोज यायच्या, चहा प्यायच्या, नायिकेच्या बाजूने आदल्या दिवशीच्या भागातला नवा पुरावा द्यायच्या आणि जायच्या. हळद दोन दिवसांवर आली तेव्हा तह झाला: पुढचा गळा नायिकेचा, मागचा जावेचा. पुढून सोशिक, मागून कारस्थानी असा तो ब्लाउज त्या हळदीत इतका गाजला की पुढचा महिनाभर चोळेगावच्या बायका 'तसाच' मागत येत होत्या. मामीला त्याचं समाधान नव्हतं. 'मला ती लढाई पुरी जिंकायची होती,' ती म्हणाली.

सिनेमाला जाताना मामीची खरी पंचाईत व्हायची, कारण तिथे हात रिकामे. मामीचे हात रिकामे राहू शकत नाहीत. ते मांडीवर ठेवले तरी आपल्याआपण कसली तरी घडी घालत बसतात. म्हणून ती थेटरात पर्समधून ब्लाउज आणि हुकांची पुडी घेऊन जायची आणि अंधारात नुसत्या बोटांच्या अंदाजाने हुक शिवायची. मी शाळेत असताना ती मला कल्याणला एका सिनेमाला घेऊन गेली होती. शेवटी बाप आणि मुलगी समोरासमोर येतात आणि बराच वेळ कुणी काही बोलत नाही, असा काहीतरी प्रसंग होता. दिवे लागले, माणसं उठली, आणि मामीच्या शेजारची अनोळखी बाई रांगेतून बाहेर पडू लागली तसा मामीच्या मांडीवरचा डाळिंबी ब्लाउजही तिच्यामागून सरपटत निघाला. मामीने शेवटचे दोन हुक त्या बाईच्या ओढणीला शिवले होते. बाहेर पॅसेजमध्ये दाताने दोरा तोडून दोघींची सोडवणूक झाली. ती बाई चिडली होती, पण मामीने तिचा हात धरून शांतपणे सांगितलं, 'रागावू नका. वीस वर्षांत माझा हात असा चुकलेला नाही. पिक्चर तेवढा चांगला होता.' ते ऐकून ती बाईसुद्धा थांबली आणि दोघी तिथेच त्या बापाबद्दल बोलत राहिल्या. घरी जायला उशीर झाला म्हणून मी रडले, इतकं मला पक्कं आठवतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मामीशी सगळ्यात जास्त भांडले ती मीच. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे बाबा कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी युनियनची पत्रकं लिहायचे. मला अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून, आणि हाताला पहिलं वळण लागलं ते पत्रकाच्या घड्या घालण्याचं. त्यामुळे मालिका म्हणजे बायकांना घरात गुंगवून ठेवण्याचं कारस्थान, हे मला सोळाव्या वर्षीच समजलेलं होतं. त्यावर मी एक पत्रक लिहिलं, बाबांच्या ओळखीने छापून घेतलं आणि पहिला गठ्ठा घेऊन ठाकुर्लीला गेले. मामीने मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि पूर्ण वाचलं. मग म्हणाली, 'यात जाहीर निषेध चार वेळा आलाय. एकदाच कर. पण असा कर की समोरच्याचा चहाचा कप हातात राहिला पाहिजे.' पुढच्या आठवड्यात गेले तर गठ्ठा संपलेला. मला आनंद झाला. मग दिसलं की मामी ब्लाउजच्या कटिंगसाठी कागदाचे साचे करते आणि माझा निषेध बाह्यांच्या आकारात कापून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला आहे. 'कागद चांगला आहे,' मामी म्हणाली. 'तू लिहीत राहा.'

मी लिहीत राहिले. पत्रकांवरून कवितेवर आले, आणि कविता हा तर मामीचा सगळ्यात कडक प्रांत. तिचं म्हणणं, कवितेला चित्र नसतं, संगीत नसतं, नटीचा चेहरा नसतो, त्यामुळे तिथे फसवायला जागाच नाही. डोंबिवलीच्या एका सभागृहातल्या कविसंमेलनाला मी तिला नेलेलं. हुकांची पुडी अर्थातच सोबत. एका कवींनी ओळ म्हटली, श्रोत्यांकडे पाहिलं, आणि 'पुन्हा घेतो' म्हणून तीच ओळ परत म्हटली. मामीने खाली मान ठेवूनच, पण तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं, 'पहिल्यांदा ऐकू आलेली.' त्या संमेलनात मीही वाचलं. मामीवरच लिहिलेली कविता होती: सुई, घाम, पिळवणूक, वाकलेली पाठ, सगळं होतं तीत. लोकांनी टाळ्या दिल्या. मामी हुक लावत होती. परतताना मी विचारलं, कशी वाटली?

'ती बाई कोण होती?'

'तू.'

'मी एवढी रडते?' मामी चालता चालता थांबली. 'मग माझाच गळा मी शिवणार नाही बघ.' आणि थोड्या वेळाने, माझं तोंड पाहून असेल, समजावणीच्या सुरात म्हणाली, 'तुझ्या कवितेत मार्जिन नाही गं. ब्लाउज शिवताना आत दोन बोटं कापड सोडायचं असतं. बाई वाढते, उतरते, बाळंत होते, तेव्हा उसवून सैल करता आलं पाहिजे. तू एकदम अंगाबरोबर शिवतेस. आज बसेल. उद्या?'

मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. कवितेवरच्या किती कार्यशाळा मी नंतर केल्या, पण त्या दोन बोटांइतकं उपयोगाचं मला कुणी सांगितलेलं नाही. तरी एक गोष्ट लिहून ठेवते: माझ्या एकाही कवितेला मामीने आजवर मान वर केलेली नाही.

गेल्या दिवाळीच्या घाईत तिच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. पदराआड हात लपवायचा प्रयत्न झाला, पण कात्री हातातून पडली आणि बोभाटा झाला. मानेचे मणके झिजलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. गळ्याला पट्टा, आणि मशीन बंद. थोडे दिवस नव्हे, बंदच. मुलगा तिला ठाण्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. घोडबंदरच्या बाजूला बाविसावा मजला, भिंतभर टीव्ही. मुलगा भला आहे. 'आई, आयुष्यभर काम केलंस, आता आरामात बघ,' म्हणून त्याने तिच्या हातात रिमोट दिला. आणि पट्ट्यामुळे मामीची मान कायमची वर झाली.

मी भेटायला गेले तेव्हा ती सोफ्यावर ताठ बसलेली होती आणि पहिलं वाक्य होतं, 'अगं, भांडी कुणीच पाडत नाही. ते नुसते एकमेकांकडे बघत उभे असतात.' इतकी वर्षं फक्त ऐकलेली माणसं तिला पहिल्यांदाच दिसत होती. त्या घरांना पंखे नाहीत, कुणाच्या साडीला चुणी पडत नाही, स्वयंपाकघरात कांद्याची टोपली नाही, याचं तिला नवल वाटत होतं. मला हायसं वाटलं. मामी शाबूत आहे, म्हटलं. पण दुसऱ्या खेपेला ती तेवढं बोलली नाही. तिसऱ्या खेपेला मी समोरच्या मालिकेकडे बोट दाखवून मुद्दाम विचारलं, ही कशी आहे?

'बरं आहे,' मामी म्हणाली.

मी ऐकलं आणि मला बसवेना. तुम्हाला हे दोन शब्द साधे वाटतील. मामीच्या तोंडून मी ते कुठल्याही मालिकेबद्दल, सिनेमाबद्दल, कवीबद्दल कधी ऐकले नव्हते. मी चॅनल बदलला. तिथे गाण्यांची स्पर्धा होती. 'हे?' 'चांगलं गातात मुलं.' मी बॅगेतून वही काढली आणि नवीन कविता वाचली, वाईटच होती, वाचताना मलाच कळत होतं. मामी सरळ माझ्याकडे बघत होती. दुसरीकडे बघणं तिला शक्यच नव्हतं. 'छान आहे गं,' ती म्हणाली. इतक्या जवळून आणि इतकं रिकामं माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही. मी बाल्कनीत गेले, परत आत आले, पाणी प्यायले, परत बाल्कनीत गेले. मामेभाऊ म्हणाला, 'शांत झालीय ना आता आई? डॉक्टरपण म्हणाले, तब्येत सुधारतेय.'

महिन्याभराने हट्ट करून ती ठाकुर्लीला परत आली. मशीनवर चादर घातलेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेलंय ते मशीन एकटं नव्हे. गिऱ्हाइकं गेली होती. आयुष्यभर ज्या बायका ब्लाउज टाकायला आल्या, त्या ब्लाउजबरोबर मामीचं एक मत घेऊन गेल्या, भांडल्या, दुसऱ्या दिवशी पुरावा घेऊन परत आल्या. शिवणकाम थांबलं तसं त्यांना यायला कारण उरलं नाही. चोळेगावच्या काकू एकदा आल्या, सफरचंदं घेऊन. पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटलेला, भर उकाड्यात. चहा घेताना तो थोडा सरकला आणि बुटीकमध्ये शिवलेला ब्लाउज दिसला; डावा खांदा चक्क उतरलेला. मामीची नजर तिथे गेली. मी वाट पाहत होते. मामी म्हणाली, 'साखर पुरे ना?' काकूंनी पदर पुन्हा ओढून घेतला आणि मालिकेचा विषय कुणीच काढला नाही.

मला जमतं ते मी केलं. पत्रक काढायचं ठरवलं. 'थोरल्या मामीची मतं', दर आठवड्याला एक पान, ठाकुर्लीच्या भाजी बाजारात वाटायचं. पहिलं पान मीच लिहून तिला वाचून दाखवलं. सुरुवात 'भगिनींनो' अशी होती. पुढे मी लिहिलं होतं की रात्री साडेआठच्या मालिकेतली सासू हे एक सोशिक आणि आदर्श व्यक्तिमत्त्व आहे. ती मालिका मी पाहत नाही. फोटोवरून अंदाजाने लिहिलं होतं.

'कोण म्हणालं असं?' मामीने विचारलं.

'तू. म्हणजे तुझ्या नावाने.'

'मी त्या बाईला आदर्श म्हणाले?' पट्ट्याच्या वर तिचा चेहरा लाल झाला. 'ती सोशिक आहे? अगं, ती देवापुढे हात जोडताना एक डोळा उघडा ठेवते, सुनेने ऐकलं का बघायला. तिच्या आवाजावरून मला कधीच कळलेलं. आण इकडे तो कागद.' आणि पुढची वीस मिनिटं, आडवं-उभं, दातात दोरा नसतानाही दातात दोरा धरल्यासारखं, मामी बोलत होती. खाली तिचे पाय फरशीवर खालीवर होत होते, पेडलवर व्हायचे तसे.

मला वाटलं, सापडलं. मामीला श्रोते नकोत, तिला चुकीचं मत हवंय. मग मी दर गुरुवारी जाऊन काहीबाही विधानं करायला लागले. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा तिने मला मध्येच थांबवलं. 'तुला त्यातल्या धाकट्या दिराचं नाव तरी माहीत आहे का?' मला नव्हतं. 'मग माझ्यासाठी खोटं नको बोलूस. तुला ते आवडत नाही. ज्याला आवडतं त्याच्याशी भांडण्यात मजा.' तिचं बरोबर होतं. मालिकांचा मला मनापासून तिटकारा आहे, माझ्या तत्त्वांच्या विरुद्ध मी जाऊ शकत नाही, आणि इथे माझी तत्त्वं अगदीच निरुपयोगी ठरली आहेत. गेल्या गुरुवारी मी निघताना टीव्ही चालू होता. कसं आहे, म्हणून मी विचारलंच नाही.

म्हणून एक विनंती आहे. तुम्हाला एखादी मालिका खरोखर, लाज न वाटता आवडत असेल, एवढी की तिच्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात, तर एखाद्या दुपारी ठाकुर्लीला उतरा. पूर्वेला चोळेगावच्या रस्त्याला लागा आणि ब्लाउजवाल्या मामी कुठे राहतात म्हणून कुणालाही विचारा. कापड न्यायची गरज नाही. तिच्यासमोर बसा आणि ती मालिका उत्तम आहे असं सांगा. कारणं तयार ठेवा, ती मागेल. ती वयस्कर आहे, आजारी आहे, म्हणून माघार घेऊ नका. तिला ते लगेच कळतं. आणि तुमचं सगळं ऐकून ती 'बरं आहे' म्हणाली, तर उठू नका. चहा मागा, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगा.